मंजूच्या नावानं

शिवशंकरला यात मिळणार काय होतं, ते आधी बघू. म्हणजे पुढं तो जे करून बसला ते येडेपण होतं की हुशारी, याचा अंदाज येईल.

एक तर बायको घरात राहणार होती. दुसरं, आईचं तोंड बंद होणार होतं. आणि तिसरं, जे त्याला सगळ्यात गोड वाटलं, ते हे की सगळं कुणाला काहीही न सांगता उरकणार होतं. ना डॉक्टरला, ना दोस्ताला, ना खुद्द बायकोला. दोघांचं दुखणं एकट्यानं, दुसऱ्याला न विचारता बरं करायचं! असा सौदा कुठं मिळतो? शिवशंकरचं कोहिनूर गावच्या पेठेत बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान होतं. फुकट मालाचा वास त्याला लांबून यायचा. फुकटचा माल कुणाच्या तरी घरातून उचललेला असतो, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

लग्नाला पावणेदोन वर्षं झाली होती. मंजुश्री आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची, बी.ए. झालेली, हसायची ती नाकातल्या नाकात. दिवसा दोघांचं झकास जमायचं. तो दुकानातली गिऱ्हाइकं नकलून दाखवायचा, ती भाकरी थापता थापता तव्यावरची करपवायची. पण जवळ यायची वेळ आली की तिचं अंग आकसायचं. दाराला आतून कडी बसावी तसं, आणि ती कडी तिच्या स्वतःच्याही हातात नसायची. दुखायचं. तो मागं सरायचा. ती भिंतीकडं तोंड करून "माफ करा" म्हणायची आणि ते ऐकून तो मेल्याहून मेला व्हायचा. होता होता दोघांनी ती वेळच टाळायला सुरुवात केली. तिला नेमकी तेव्हा विरजणाची आठवण व्हायची, त्याला गोदामातल्या उंदरांची.

आणि झाकली मूठ तशीच राहिली असती, पण कमलबाई होती. शिवशंकरची आई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, मात्र गावातल्या कुठल्या सुनेला कितवा महिना, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची.

"शिवा," एके दिवशी तिनं मंजुश्रीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "पाडव्यापर्यंत वाट बघते. न्हाई तर हिला निंबर्ग्याला पोचवून ये. औरादच्या मामाची रेणू हाय. रंगानं उजळ न्हाई, पर भुई कसदार हाय."

बाप उद्धवराव तिथंच बसलेले. त्यांनी पेपर डोळ्यांच्या आणखी जवळ धरला. त्या पेपरातली सोयाबीनच्या भावाची बातमी त्यांनी त्या दिवशी चार वेळा तरी वाचली असेल.

शिवशंकर दर रविवारी दुकानाच्या खरेदीला बसवकल्याणला जायचा. तिथं बसस्टँडसमोर नरसिंगचं इंटरनेट होतं. गावात तोवर मोबाइल आले होते, पण त्यांच्यावर नुसतं बोलता यायचं. वाचायचं तर नरसिंगकडं जावं लागे. प्लायवूडचे चार कप्पे, पुढं फुलाफुलांचे पडदे. आषाढातल्या एका रविवारी शिवशंकर कपाशीच्या बियाण्याचा भाव बघायच्या निमित्तानं आत शिरला, पडदा ओढला, मागं वळून पाहिलं आणि इंग्रजी अक्षरांत, बाजारातल्या हिंदीत, एका बोटानं टाइप केलं की बायकोला दुखतं, काय करावं.

आधी नको नको ते आलं. त्यानं घाबरून ते बंद केलं. मग एक साधं पान आलं, त्यावर चित्र नाही, जाहिरात नाही. ज्या बायकांना ह्या कामी दुखतं, अंग आवळतं, भीती वाटते, त्यांनीच एकमेकींसाठी चालवलेला ग्रुप. कुठल्या कुठल्या गावच्या चाळीसेक बाया. खरं नाव कुणी लिहायचं नाही. दर रविवारी ज्या त्या बाईनं आठवडा कसा गेला ते लिहायचं, बाकीच्यांनी धीर द्यायचा, पुढची पायरी सांगायची. शिवशंकरनं वाचलं आणि खुर्ची पुढं ओढली. हे तर थेट आपल्या घरातलं! म्हणजे हे दुखणं आहे. ह्याला नाव आहे. हे बरं होतं.

तळाला एक ओळ होती. नवऱ्यांनी इथं लिहू नये. त्यांनी आधी बायकोशी बोलावं आणि तिला इथं आणावं.

ती ओळ त्यानं दोनदा वाचली. त्यातलं पहिलं काम त्याला दुसऱ्यापेक्षा अवघड वाटलं. मंजूशी बोलायचं? काय म्हणून? कुठल्या शब्दांत? असले शब्द त्याला शिव्यांतच ठाऊक होते. आणि मंजू इथं येऊन बसणार, नरसिंगच्या पडद्याआड? बाहेर बाकड्यावर अर्धं बसवकल्याण बसलेलं असतं. त्यापेक्षा सोपी वाट समोर होती. नाव विचारलं होतं, तिथं त्यानं लिहिलं, 'मंजू'. खरं नाव लिहायचं नाही, हेही तो विसरला. स्वतःचं नाव मात्र विसरला नाही.

ग्रुपचा कारभार गौरम्मा नावाची बाई बघायची. गुलबर्ग्याची, जन्म नर्सच्या नोकरीत गेलेला. तिनं नव्या मंजूला विचारलं, किती दिवस झाले, कसं वाटतं, भीती कधीपासून. शिवशंकरला ठाऊक होतं तेवढं त्यानं लिहिलं, नव्हतं तिथं अंदाज केला. बियाण्याच्या दुकानात बसून अंदाज बांधायची त्याला सवय होती. नवरा कसा आहे, या प्रश्नावर त्यानं लिहिलं, 'माझा नवरा देवमाणूस. कधी जबरदस्ती केली नाही.' यातल्या 'कधी' या शब्दापाशी त्याचं बोट जरा थबकलं. पण थबकलेलं बोट संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही.

चाळीस बायांनी त्या नवऱ्याला दुवा दिला. लखनौची एक होती, तिनं लिहिलं, "बहन, अशा माणसाला माझा सलाम सांग." त्या दिवशी शिवशंकर कोहिनूरला बसनं आला की वाऱ्यावर बसून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग दर रविवार ठरून गेला. तो पायरी घेऊन यायचा आणि घरी सांगायचा, "बिदरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय."

"मला न बघता?" मंजुश्रीनं पहिल्यांदा विचारलं.

"लई मोठी बाई हाय ती. बघाय लागत न्हाई."

पहिली पायरी श्वासाची. दुसरी आपल्याच अंगाशी ओळख करून घ्यायची. तिसरी दोघांनी नुसतं शेजारी बसायची, बाकी काही नाही, आणि ती म्हणेल तेव्हाच हात हातात घ्यायचा. मंजुश्री सांगितलं तसं मुकाट करायची. पण दोन पावलं पुढं गेली की तीन मागं यायची. शिवशंकर रविवारी जाऊन लिहायचा, 'का कोण जाणे, मला उगाच भीती वाटते.' आणि चाळीस बाया आपापल्या घरातलं काढून त्याच्यापुढं ठेवायच्या. कुणी सासरा सांगितला, कुणी लहानपणचा मामा. लखनौवालीनं तर, जे तिनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, ते मंजू म्हणून शिवशंकरला सांगितलं. तो वाचायचा. कधी डोळे भरायचे. पण पडदा बाजूला करून कप्प्यातून उठला नाही.

असे पाच महिने गेले आणि येळ अमावस्या आली.

त्या दिवशी ह्या मुलखात गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे रानात. ज्वारी पोटरीत आलेली असते, म्हणजे भुई पोटुशी, म्हणून तिचं डोहाळजेवण. कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पुढं भज्जी, उंडे, तिळाच्या पोळ्या, आणि गाडग्यात गारेगार अंबिल. दिसेल त्याला हाक मारून जेवू घालायचं.

मंजुश्रीनं अंबिलीची घागर डोक्यावरून आणली. कमलबाईनं ती उतरून घेतली आणि भुईची ओटी भरता भरता म्हणाली, "भर माय, तुझी तरी ओटी भरते. तुला कळतंय तेवढं बी काहींना कळना."

शेजारच्या शेतातला पिराप्पा धनगर जेवायला बसला होता. भज्जीचा भुरका मारून तो म्हणाला, "कमलवहिनी, दम धरा की. शिवशेट पेरणीला उशीर करायलाय, पर बी त्याच्याच दुकानातलं हाय. उगवतंय का बघू!"

सगळे हसले. मंजुश्री खाली बघून तिळाची पोळी मोडत राहिली. मोडून मोडून तिचा चुरा झाला, तरी मोडत राहिली. शिवशंकरनं ते पाहिलं आणि तो उठला. चरगा शिंपायचा होता. घरच्या पुरुषानं डोक्यावर घोंगडी घ्यायची, हातात अंबिलीचं गाडगं घ्यायचं आणि पिकावर अंबिल शिंपडत चारी बांधांनी ओरडत फिरायचं.

"ओलगे ओलगे! सालम पोलगे!" ठरलेली आरोळी देत तो पळत सुटला. पिकावर अंबिल उडत होती, पानं अंगाला घासत होती, मागून पोरं ओरडत होती. दुसऱ्या बांधावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येतंय. तिसऱ्यावर ते थांबलं. चौथ्या बांधाला अंग इतकं हलकं झालं की त्याला वाटलं, आपण कुणी निराळेच आहोत.

पुढच्या रविवारी ग्रुपमध्ये प्रश्न होता, या आठवड्यात तुमचं अंग कधी हलकं वाटलं, ते लिहा. मंजूला कधी वाटलं ते शिवशंकरला कुठं ठाऊक होतं? पण या वेळी त्याच्याजवळ खरं काहीतरी होतं. त्यानं लिहून टाकलं, 'डोक्यावर घोंगडी घेऊन चरगा शिंपत मी शेताच्या चारी बांधांवरून पळाले. अंगात वारं भरलं.' पाच महिन्यांत त्यानं लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य. आणि त्यातच तो सापडला.

अर्ध्या तासात गौरम्माचं खासगी पत्र आलं. बाकीच्यांना न दिसणारं, आणि थेट मराठीत.

'मी याच भागातली आहे. आमच्याकडं सुना अंबिलीची घागर आणतात. घोंगडी घेऊन चरगा शिंपतो तो घरचा पुरुष. तू कोण?'

शिवशंकरनं आधी मागं वळून पडदा नीट ओढला. त्यानं लिहिलं, 'आमच्यात बाया बी शिंपतात.'

'कुठलं गाव?'

त्याला एकही गाव आठवेना. निंबर्गा नाही, कोहिनूर नाही. पृथ्वीवरची सगळी गावं जशी पुसून गेली.

'मला आधीपासून शंका होती,' गौरम्मानं लिहिलं. 'पाच महिन्यांत नवऱ्याविषयी एक वाकडा शब्द नाही. इतका चांगला नवरा फक्त नवऱ्यालाच ठाऊक असतो. येत्या रविवारी ती स्वतः लिहील, सगळं वाचून. नाहीतर मी इथं सगळ्यांना सांगेन की इतके दिवस त्या कुणापुढं बोलत होत्या. आणि दादा, एक विचारते. त्या चाळीसजणींनी जे उघडं केलं, ते तुझ्यासाठी होतं का?'

'दादा' वाचून तो पडद्याआड तसाच बसून राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नरसिंगनं बाहेरून विचारलं, "अण्णा, झोपलास काय?"

"छापून पाहिजे," शिवशंकर म्हणाला. "माझं लिवलेलं समदं."

"किती पानं?"

"असतील तेवढी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, घागर शेतात राहिल्याचं निमित्त करून त्यानं मंजुश्रीला तिथं नेलं. कोप अजून उभी होती. त्यानं बियाण्याच्या पिशवीतून चौतीस पानं काढली आणि तिच्यापुढं ठेवली. त्यात नुसतं त्याचं लिहिलेलं होतं. दुसऱ्या बायांचं छापून घ्यायचं नाही, एवढी अक्कल तोवर आली होती.

"काय हे?"

"वाच."

ती वाचू लागली. दोन पानं झाल्यावर तिनं वर पाहिलं. "ही मंजू कोण?"

"तू. म्हंजे... मीच. तुझ्या नावानं. डॉक्टरीण कुणी न्हाई, पायऱ्या कल्याणच्या इंटरनेटवरल्या चाळीस बाया सांगत्यात, आन् येत्या रविवारी तूच लिवायचं हाय."

तिनं परत मान खाली घातली. तो कडब्याची एक काडी सोलत बसला. चरग्याचं पान आलं तेव्हा ती नाकात एकदा हसली. त्याला वाटलं, सुटलो. पण ती मागं गेली, पहिल्या पानांपाशी, आणि तिथंच थांबली.

"देवमाणूस," तिनं मोठ्यानं वाचलं. "कधी जबरदस्ती केली न्हाई."

काडी सोलून संपली होती.

"लग्नाच्या चौथ्या दिवशी मी काय म्हणलं होतं?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "आठवतंय का?"

"व्हय."

"काय?"

"नगं म्हणलीस."

"किती डाव?"

"तीनदा."

"तुमी ऐकलं?"

शिवशंकर ज्वारीकडं बघत होता. कणीस अजून पोटरीतच होतं. "न्हाई," तो म्हणाला.

"मंग हे कामून लिहिलं न्हाई? ह्या बायांनी मला पायऱ्या सांगितल्या त्या कशावर? मला उगंच भ्या वाटतंय म्हणून. उगंच न्हवतं ते. मला बी वाटायलं होतं माझ्यातच खोट हाय. मी तुमची माफी मागायलेय, दोन वर्सं. तुमी ती घ्यायलाव!"

"लाज वाटली," तो म्हणाला.

"आन् माझं अंग चाळीसजणींपुढं मांडताना?"

त्यानं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. "तवा न्हाई वाटली. नाव तुझं होतं ना."

मंजुश्रीनं त्याच्या खिशातला पेन काढून घेतला, 'देवमाणूस' या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि पानं नीट जुळवून आपल्या पदराखाली घेतली.

"रविवारी मी येते कल्याणला. तुमी भायेर बसायचं, बाकड्यावर. आन् त्याच्या आधी तुमच्या मायला सांगा, खोट कुणाची हाय ते."

"माय समजायची न्हाई. तिला दुसरंच वाटंल."

"वाटू द्या की," मंजुश्री म्हणाली. "मला कमी काय वाटलं?"

त्यानं शनिवारी सांगितलं. कमलबाई तांदूळ निवडत होती. "माय, रेणूचं नाव काढू नगं. मंजूत काई न्हाई. दोष माझा हाय."

कमलबाईचं सूप थांबलं. तिनं पोराला डोक्यापासून पायापर्यंत असं पाहिलं की त्याला वाटलं, सुपातल्या खड्यासारखं ही आपल्याला वेगळं काढील. तिला जे कळायचं ते तिच्या परीनं कळलं. त्यानं ते तसंच राहू दिलं. उद्धवरावांनी पेपर खाली ठेवला, काही म्हणावं असं तोंड केलं आणि पुन्हा उचलला.

कमलबाईच्या पोटात ते आठ दिवसही राहिलं नाही. तिनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं विहिरीला सांगितलं असावं. कारण पंधरा दिवसांत पिराप्पा दुकानात आला आणि म्हणाला, "शिवशेट, दोन पोती युरिया द्या. पर तुमच्या दुकानच्या मालाला जोर न्हाई म्हणायलेत लोकं!" त्यावर गिऱ्हाइकं हसली. शिवशंकरनं पोती मोजून दिली. कुणी शिलाजीत सुचवलं, कुणी हैदराबादचा हकीम. मैलूरच्या एका पाहुण्यानं तर गुपचूप पुडीच आणून दिली. तो सगळ्यांना "व्हय" म्हणायचा.

आणि रविवार? त्या रविवारी मंजुश्री नरसिंगच्या पडद्याआड गेली आणि शिवशंकर बाहेर बाकड्यावर बसला, अर्ध्या कल्याणच्या देखत. दीड तास. तिनं काय लिहिलं ते तिनं नंतर एवढंच सांगितलं, की सगळं. इतके दिवस लिहिणारी मी नव्हते, माझा नवरा होता. त्यानं जे लपवलं ते हे. तुम्ही ज्याला सलाम पाठवला तो हा. गौरम्मानं शब्द पाळून तोवर कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण मंजुश्रीला हे लपवून तिथं राहणं पटलं नाही. माझ्या नावानं तुम्हाला फसवलं, ते मीच सांगणार, असं तिचं म्हणणं.

आता शेवटचा हिशेब.

शिवशंकरचं गावातलं नाव गेलं. दोन वर्षं लोक हसले, मग त्यांना हसायला दुसरा कुणी मिळाला. कमलबाईच्या हातची रेणू गेली, ती लग्न होऊन भालकीला सुखात पडली. मंजुश्री घरातच राहिली आणि दर रविवारी कल्याणला जात राहिली. पायऱ्या पुन्हा पहिलीपासून सुरू झाल्या, या वेळी खऱ्या माहितीवर. पुढं त्या दोघांचं जमलं. कसं, कधी, ते सांगायचा हक्क तिचा, आणि तिनं तो कुणाला दिला नाही. म्हणजे शिवशंकरला सुरुवातीला जे हवं होतं ते बहुतेक सगळं मिळालं. बायको राहिली, आईचं तोंड बंद झालं. एक 'कुणाला न सांगता' तेवढं हुकलं.

मग भरलं कुणी?

ग्रुपमध्ये चाळीसजणी होत्या. मंजुश्रीचं पत्र वाचून त्याच दिवशी अकराजणी निघून गेल्या. भांडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, नुसतं आपलं लिहिलेलं पुसलं आणि गेल्या. आपलं दुखणं सांगायला त्यांना जगात तेवढी एकच जागा होती. लखनौची त्यांच्यातच होती. ती चौथ्या पायरीवर होती. पाचवी तिनं पुढं कुणाला विचारली, की विचारलीच नाही, ते बाकड्यावर बसणाऱ्या शिवशंकरला कधीच कळलं नाही.